नवा बोर्ड, गायब ॲरे: लिनक्स सॉफ्टवेअर रेडचं एक प्रकरण

एका संस्थेचा फाइल सर्व्हर. चार टेराबाइटच्या चार डिस्क, त्यांवर लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड ५, म्हणजे चारही डिस्क जोडून केलेला एकच गट (ॲरे), ज्यातली एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचतो, आणि त्यावर ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली. ऑपरेटिंग सिस्टीम वेगळ्या एसएसडीवर. जुना मदरबोर्ड अधूनमधून अडायला लागला म्हणून सर्व्हर रीतसर बंद करून बोर्ड बदलला गेला. डिस्क त्याच, एसएसडी तीच, केबली तपासून लावलेल्या. मशीन सुरू झालं, लॉगिन आलं, नेटवर्क आलं. डेटा ज्या फोल्डरमध्ये दिसायचा ते फोल्डर मात्र रिकामं होतं. तिथली यंत्रणा सांभाळणाऱ्या ताईंचा फोन आला: "सर, चारही डिस्क दिसतायत, डिस्कच्या तब्येतीचे म्हणजे स्मार्टचे आकडे स्वच्छ आहेत, पण ॲरेच नाही. एमडीएडीएमने नवा क्रिएट करून बघू का?"

एमडीएडीएम हे लिनक्समधलं रेड सांभाळणारं साधन, आणि 'क्रिएट' हा त्याचा नवा ॲरे बनवणारा आदेश. क्रिएट आत्ता नको, असं मी सांगितलं. पण त्याआधी एक गोष्ट जास्त तातडीची होती. कोणती डिस्क कुठे जोडायची (माउंट करायची) हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीतल्या ओळीला 'नोफेल' हा पर्याय लावलेला होता. त्यामुळे ॲरे न सापडताही सर्व्हर अडला नाही, पुढे बूट झाला. हा पर्याय उपयोगाचा आहे, दूरच्या मशीनवर तर फारच. पण त्याचा अर्थ असा की माउंटची जागा आता एसएसडीवरची एक रिकामी डिरेक्टरी होती आणि बाकीच्या सेवांना तो फरक कळत नव्हता. रात्री बॅकअपसाठी आरसिंक चालायचं, तेही 'डिलीट' पर्यायासह. म्हणजे मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही काढून टाक. मूळ जागा रिकामी असताना ते काम चाललं असतं तर बॅकअपही रिकामा झाला असता. तो बॅकअप काही निवडक फोल्डरांपुरताच होता, पण जेवढा होता तेवढा वाचवणं पहिलं. ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधलं ते काम बंद केलं, फाइल शेअर करणारी सेवा थांबवली, आणि मग डिस्ककडे वळलो.

डिस्क काय सांगत होत्या

ॲरेंची सद्यस्थिती दाखवणाऱ्या प्रॉक एमडीस्टॅट फाइलीत आमचा ॲरे, एमडी०, होता, पण 'इनॲक्टिव्ह', म्हणजे निष्क्रिय. त्याच्यापुढे एकच डिस्क: एसडीडी, चौकटी कंसात ५ आणि साध्या कंसात एस. या दोन खुणा नेहमी गोंधळात टाकतात. एस म्हणजे स्पेअर, पण ॲरे निष्क्रिय असताना प्रत्येक सदस्यापुढे हे अक्षर येतं. ती डिस्क खरोखर राखीव आहे असा त्याचा अर्थ नव्हे. आणि चौकटी कंसातला ५ हा डिस्कचा ॲरेमधला क्रमांक नव्हे. मागे बदलून घातलेल्या डिस्कला नवा आकडा मिळतो, जागा मात्र जुनीच राहते. खरी जागा कळते ती एक्झॅमिनच्या, म्हणजे डिस्कवरची रेडची नोंद वाचणाऱ्या एमडीएडीएमच्या आदेशाच्या, 'डिव्हाइस रोल' या ओळीतून.

उरलेल्या तीन डिस्कवर, म्हणजे एसडीबी, एसडीसी आणि एसडीई यांवर, एक्झॅमिन चालवलं. रेडच्या सदस्याची माहिती यायला हवी होती. त्याऐवजी आलं ते एमबीआर मॅजिक एए५५ आणि ईई प्रकारचं एक पार्टिशन. ईई म्हणजे जीपीटीचं संरक्षक एमबीआर: जीपीटी ही डिस्कवरच्या पार्टिशनांची यादी, आणि एमबीआर हा डिस्कचा पहिला सेक्टर. डिस्क आणि पार्टिशनं दाखवणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये तर तिन्ही डिस्कवर एकेक पूर्ण आकाराचं पार्टिशन उभं होतं, आणि त्यात ईएक्सटी४ फाइलप्रणाली असल्याचंही दिसत होतं, जुन्या लेबलासह.

इथे माझं लक्ष थबकलं. हा ॲरे पार्टिशनांवर केलेलाच नव्हता. एमडीएडीएम कॉन्फमधली नोंद आणि जुने लॉग सांगत होते की अख्ख्या डिस्क थेट ॲरेला दिलेल्या होत्या. मग ही पार्टिशनं आली कुठून? ताईंना आठवलं ते महत्त्वाचं होतं: या डिस्क ॲरेत जाण्याआधी वेगवेगळ्या मशीनमध्ये एकेकट्या वापरल्या जात होत्या. आणि एसडीडी? ती मूळ चौघींपैकी नव्हे. एक डिस्क बिघडल्यावर खोक्यातून नवी काढून थेट ॲरेत घातलेली. तिच्यावर कधीच पार्टिशन पडलं नव्हतं.

ज्या तिघींना पूर्वायुष्य होतं त्या तिघींची ओळख गेली, जिला नव्हतं तिची राहिली. केबल, कंट्रोलर, वीजपुरवठा हे सगळे संशय मी तिथेच बाजूला ठेवले. यांत्रिक बिघाड डिस्कचा इतिहास पाहून निवड करत नाही.

चौतीस सेक्टरांतला गुंता

एमडीएडीएमची मेटाडेटा आवृत्ती १.२ आपला सुपरब्लॉक, म्हणजे सदस्य डिस्कची ओळखनोंद, डिस्कच्या सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर ठेवते. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर हा सेक्टर ८. त्याच्या आधीच्या जागेला ती हात लावत नाही.

जीपीटीची मांडणी अशी: सेक्टर ० वर संरक्षक एमबीआर, सेक्टर १ वर हेडर, आणि सेक्टर २ ते ३३ मध्ये पार्टिशनांच्या १२८ नोंदी, प्रत्येकी १२८ बाइटच्या. यातल्या हेडरची आणि नोंदींची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या ३३ सेक्टरांत असते.

जुन्या जीपीटी असलेल्या डिस्कवर कुणी ॲरे तयार केला की सुपरब्लॉक बसतो तो नोंदींच्या या पट्ट्यात. एमडीएडीएम त्या वेळी इशारा देतं की डिस्कवर पार्टिशन टेबल आहे आणि ते आता नष्ट किंवा निरर्थक होईल. माणूस 'हो' म्हणतो, आणि ते बरोबरच असतं. पण एमडीएडीएम ते टेबल पुसत नाही. फक्त सेक्टर ८ वर स्वतःचं लिहितं. त्यामुळे नोंदींचा सीआरसी (तपासणीचा आकडा) जुळेनासा होतो आणि पुढची जीपीटी अवैध ठरते. मागची प्रत मात्र शाबूत राहते. रेड ५ मध्ये प्रत्येक डिस्कचा वापरलेला भाग चंकच्या, म्हणजे एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, पटीत खाली आणला जातो. या डिस्कवर एकूण सेक्टर ७८१४०३७१६८, डेटाचा ऑफसेट (डेटा जिथून सुरू होतो तो सेक्टर) २६२१४४, आणि चंक ५१२ किलोबाइट, म्हणजे १०२४ सेक्टर. हिशेब केला तर शेवटी ६८८ सेक्टर कुणीच न वापरलेले उरतात. मागची जीपीटी त्यातल्या शेवटच्या ३३ मध्ये वर्षानुवर्षं सुखरूप बसून होती.

जुना बोर्ड लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने बूट व्हायचा. त्याला जीपीटीशी देणंघेणं नव्हतं. नवा बोर्ड यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या फर्मवेअरचा (बोर्डवरच्या मूळ प्रोग्रामचा). यूईएफआयच्या नियमावलीतच आहे की पुढची जीपीटी बिघडलेली आणि मागची वैध असेल तर मागच्यावरून पुढची दुरुस्त करावी. फर्मवेअरने नेमकं तेच केलं. संरक्षक एमबीआर जागेवर होतं, म्हणजे ही जीपीटीची डिस्क, मागची प्रत नीट, पुढची मोडकी. त्याने सेक्टर १ ते ३३ पुन्हा लिहून काढले. लिनक्सचा कर्नल मेमरीत येण्याआधीच तीन सुपरब्लॉक गेले होते. सेक्टर १६ पासून सुरू होणारा राइट-इंटेंट बिटमॅपही (कुठे लेखन चालू आहे याची ॲरेची नोंद) त्याच पट्ट्यात, तोही गेला.

हे अनुमान तपासणं सोपं होतं, आणि तपासल्याशिवाय पुढे जाणं चूक ठरलं असतं. डीडीने प्रत्येक डिस्कचे पहिले ३४ सेक्टर फाइलीत काढले आणि हेक्सडंपने पाहिले. एसडीडीच्या सेक्टर ८ ची सुरुवात एफसी ४ई २बी ए९ अशी. रेडचं मॅजिक ए९२बी४ईएफसी, लिटल-एंडियन क्रमामुळे उलटं दिसणारं. बाकी तिघींच्या सेक्टर १ वर 'ईएफआय पार्ट' ही सही आणि सेक्टर ८ वर निव्वळ शून्यं. सेक्टर ८ मध्ये २५ ते २८ क्रमांकाच्या नोंदी येतात. एकच पार्टिशन असलेल्या डिस्कवर त्या रिकाम्याच असणार.

दारावरची पाटी उतरवली म्हणून घर रिकामं होत नाही. डेटा सुरू होत होता सेक्टर २६२१४४ पासून, म्हणजे १२८ मेबिबाइटवरून, आणि फर्मवेअर ३३ च्या पुढे गेलंच नव्हतं.

मग त्या पार्टिशनांत ईएक्सटी४ कसं दिसत होतं? जुनं पार्टिशन सेक्टर २०४८ ला सुरू व्हायचं. ॲरेच्या दृष्टीने २०४८ ते २६२१४४ हा सगळा पट्टा मोकळा. सुपरब्लॉकनंतर आणि डेटाच्या आधी मुद्दाम सोडलेला. त्यामुळे जुन्या फाइलप्रणालीचा पहिला तुकडा तिथे जसाच्या तसा होता. ओळख पटण्यापुरतं सगळं होतं, मागे काही नव्हतं. या प्रकरणातली सर्वांत धोक्याची जागा मला हीच वाटते. कुणी भल्या हेतूने त्या पार्टिशनवर एफएसचेक हा फाइलप्रणाली दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवून प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटलं असतं, तर त्या प्रोग्रामने मेलेल्या फाइलप्रणालीला जिवंत करण्याच्या नादात अख्ख्या डिस्कभर, म्हणजे ॲरेच्या जिवंत डेटावर, दुरुस्त्या लिहिल्या असत्या. तिन्ही डिस्कवर तसं झालं असतं तर पुढे काही करण्यासारखं उरलं नसतं.

क्रिएट नको, ते का

रेड ५ चा नवा ॲरे करताना एमडीएडीएम शेवटच्या डिस्कला अपूर्ण समजतं आणि बाकीच्यांवरून तिच्यावर लिहायला लागतं. चारही डिस्क त्याच ॲरेच्या, अद्ययावत आणि एकमेकींशी समान ऑफसेटच्या असतील तर जे लिहिलं जाईल ते आधीसारखंच असतं आणि नुकसान होत नाही. त्यातली एकही मागे पडलेली किंवा वेगळ्या ऑफसेटची असेल तर शेवटची डिस्क कचऱ्याने भरत जाते. 'अझ्युम-क्लीन' दिलं तर हे पुनर्लेखन होत नाही. पण तरीही सुपरब्लॉक नवा लिहिला जातो, आणि इथे तर एका डिस्कवरचा सुपरब्लॉक हाच आमचा एकमेव साक्षीदार होता.

म्हणून पहिल्यांदा त्या साक्षीदाराची जबानी. एसडीडीच्या एक्झॅमिनचं पूर्ण उत्तर दुसऱ्या मशीनवर साठवलं: आवृत्ती १.२, रेड ५, चार डिस्क, चंक ५१२ किलोबाइट, लेआउट लेफ्ट-सिमेट्रिक, डेटा ऑफसेट २६२१४४ सेक्टर, रोल 'ॲक्टिव्ह डिव्हाइस २', ॲरेची अवस्था चार वेळा ए, आणि स्थिती 'क्लीन'. शेवटच्या दोन गोष्टींनी जीव भांड्यात पडला. सर्व्हर बंद होताना चारही डिस्क हजर होत्या आणि कुठलंही लेखन अर्धवट नव्हतं.

हे सगळं मिळालं ते निव्वळ एक डिस्क मध्ये बदलली गेली होती म्हणून. चारही डिस्क जुन्या असत्या तर चारही सुपरब्लॉक गेले असते. कॉन्फ फाइलमध्ये यूयूआयडी (ॲरेचा ओळख क्रमांक) आणि नाव असतं, चंक किंवा ऑफसेट नसतो. माझं सगळ्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे: एक्झॅमिन आणि डिटेलचं उत्तर आज काढा, प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरासह, आणि ॲरेच्या बाहेर कुठेतरी ठेवा.

खऱ्या डिस्कला हात न लावता

चौघींच्या पूर्ण प्रती काढायला १६ टेराबाइट जागा लागली असती. ती त्या क्षणी नव्हती. डिस्क निरोगी असल्यामुळे ओव्हरलेचा, म्हणजे डिस्कवर न लिहिता वेगळ्या फाइलीत लिहिण्याचा, मार्ग घेतला. डिस्क मरणासन्न असत्या तर मी तो घेतला नसता. तेव्हा आधी डीडीरेस्क्यूने प्रत, मग बाकी सगळं.

रेस्क्यू यूएसबीवरून बूट केलं, बूटचा क्रम यूईएफआयमध्ये नीट बघून. आपोआप उभा राहिलेला निष्क्रिय एमडी० 'स्टॉप' केला, नाहीतर तो एसडीडी अडवून ठेवतो. चारही डिस्कवर ब्लॉकडेव्हच्या 'सेटआरओ'ने लेखनबंदी लावली. मग प्रत्येक डिस्कसाठी ट्रंकेटने एकेक विरळ फाइल, तिला लूप डिव्हाइस, आणि डीएमसेटअपने डिस्क अधिक लूप मिळून एक स्नॅपशॉट. वाचन खऱ्या डिस्कवरून होतं, लिहिलेलं प्रत्येक अक्षर त्या फाइलीत जातं. ओव्हरलेची फाइल भरली तर स्नॅपशॉट बाद होतो, डिस्कचं काही बिघडत नाही. प्रयोग फसला की फाइल फेकायची, नवी घ्यायची.

आता क्रम. एसडीडी जागा २ वर हे ठरलेलं. उरलेल्या तिघी जागा ०, १ आणि ३ वर, म्हणजे सहा शक्यता. सहाही आजमावता आल्या असत्या, पण पुरावा असताना आजमावत बसणं मला पटत नाही. लेफ्ट-सिमेट्रिक लेआउटमध्ये पहिल्या पट्टीची पॅरिटी (एक डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशेब) शेवटच्या डिस्कवर असते आणि डेटाचा पहिला चंक जागा ० वरच्या डिस्कवर. ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक फाइलप्रणालीच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर. म्हणजे तो जागा ० च्या डिस्कवर, डेटा ऑफसेटनंतर १०२४ बाइटवर सापडायला हवा. प्रत्येक डिस्कवर १३४२१७७२८ बाइटच्या ऑफसेटने फक्त-वाचनाचं लूप डिव्हाइस केलं आणि बीएलकेआयडीला, म्हणजे फाइलप्रणाली ओळखणाऱ्या आदेशाला, विचारलं. एसडीसीवर ईएक्सटी४ सापडलं, तेही आत्ताच्या खऱ्या लेबलासह. बाकी दोघींवर काही नाही. एसडीसी जागा ० वर.

जागा १ आणि ३ साठी एसएसडीवरचे जुने लॉग उपयोगी पडले. ॲरे उभा राहताना कर्नल लिहितो की अमुक डिव्हाइस रेड डिस्क अमुक म्हणून कार्यरत. पण एसडीबी, एसडीसी ही अक्षरं प्रत्येक बूटला बदलू शकतात. बोर्ड बदलल्यावर तर त्यांवर अजिबात विसंबू नये. सुदैवाने डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारं स्मार्टडी सुरू होताना प्रत्येक अक्षरापुढे सिरियल नंबर नोंदवतं. त्याच बूटमधल्या या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की सिरियल नंबर आणि जागा यांची जोडी मिळते. जुन्या लॉगमधली जागा ० ची डिस्क आणि आत्ताची एसडीसी यांचा सिरियल नंबर एकच निघाला. दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आल्यावर बाकीच्या दोघींबद्दलही लॉगवर विश्वास ठेवता आला: एसडीई जागा १, एसडीबी जागा ३.

ऑफसेटची अडचण

ओव्हरलेवर क्रिएट करताना पर्याय एकेक करून स्पष्ट लिहावे लागतात, कारण एमडीएडीएमची मूळ गृहीतकं काळानुसार बदलत आली आहेत. चंक पूर्वी ६४ किलोबाइट धरला जायचा, नंतर ५१२. मेटाडेटा पूर्वी ०.९०, नंतर १.२. ऑफसेट तर आवृत्तीनुसार आणि डिस्कच्या आकारानुसार बदलतो. खूप जुन्या ॲरेत २०४८ सेक्टर दिसतो, मधल्या काळातल्यांत २६२१४४, आणि अलीकडच्यांत बऱ्याचदा २६४१९२.

रेस्क्यू प्रणालीतलं एमडीएडीएम नवं होतं. ऑफसेट न सांगता ते काय करतं हे मी मुद्दाम ओव्हरलेवर पाहिलं, कारण अशा प्रकरणात लोक नेमके इथेच हात टेकतात. अपेक्षेप्रमाणे त्याने २६४१९२ घेतला. फरक फक्त २०४८ सेक्टर, एक मेबिबाइट, बरोबर दोन चंक. क्रम अचूक, चंक अचूक, लेआउट अचूक, आणि तरी बीएलकेआयडीला त्या ॲरेत काहीही दिसेना. ज्याला ऑफसेट ही गोष्ट माहीत नाही तो या स्थितीत सहाच्या सहा क्रम लावून पाहील, प्रत्येक वेळी रिकामा परत येईल, आणि डेटा गेला असं समजून डिस्क पुसून टाकेल. डेटा तिथेच असतो.

ओव्हरले फेकून नवे केले. या वेळी मेटाडेटा १.२, लेव्हल ५, चार डिस्क, चंक ५१२, लेआउट लेफ्ट-सिमेट्रिक, डेटा-ऑफसेट १३१०७२ किलोबाइट, अझ्युम-क्लीन, जुनाच यूयूआयडी, आणि डिस्क सी, ई, डी, बी या क्रमाने. प्रत्येक सदस्याचा ऑफसेट एकच असेल असंही नाही. नंतर घातलेल्या डिस्कचा वेगळा असू शकतो, आणि एमडीएडीएम त्यासाठी ऑफसेट 'व्हेरिएबल' सांगून डिस्कनिहाय आकडा देऊ देतं. आमच्याकडे एसडीडीचा सुपरब्लॉकातून आणि एसडीसीचा ईएक्सटी४ च्या सहीवरून, असे दोघींचे स्वतंत्रपणे जुळले होते.

ॲरे उभा राहिला. बीएलकेआयडीने ईएक्सटी४ दाखवलं. इथे थांबायचं नाही. फाइलप्रणालीचा सुपरब्लॉक पूर्णपणे जागा ० च्या डिस्कवर असतो, त्यामुळे जागा १ आणि ३ ची अदलाबदल झाली तरी बीएलकेआयडी तितक्याच खात्रीने ईएक्सटी४ सांगेल. एफएसचेक दुरुस्ती न करण्याच्या 'एन' पर्यायाने चालवलं. गट-वर्णनं, आयनोड, डिरेक्टरी सगळं बरोबर. मग 'आरओ' आणि 'नोलोड' देऊन माउंट, म्हणजे जर्नललाही (फाइलप्रणालीच्या बदलांच्या नोंदवहीलाही) स्पर्श नाही. आणि शेवटी मोठ्या फाइली. तीन डेटा चंक मिळून एक पट्टी १.५ मेबिबाइटची, त्यामुळे छोटी फाइल उघडली तर एकाच डिस्कवरून आलेली असू शकते आणि काहीच सिद्ध होत नाही. काही गीगाबाइटच्या झिप संग्रहांची अंतर्गत तपासणी केली. बॅकअपमध्ये असलेल्या फाइलींच्या बेरजा ताडून पाहिल्या. सगळं जुळलं.

बरेच जण अशा वेळी सिंक ॲक्शनमध्ये 'चेक' लिहून, म्हणजे पॅरिटीची तपासणी लावून, मिसमॅचचा आकडा बघतात आणि तो शून्य आला की क्रम बरोबर असं मानतात. रेड ५ मध्ये हा निष्कर्ष चुकीचा आहे. पॅरिटी म्हणजे सगळ्या चंकांचा एक्सऑर (त्यांचे बिट एकत्र करण्याची क्रिया), आणि एक्सऑरला क्रमाशी कर्तव्य नाही. चार डिस्क कशाही मांडा, चौघींचा एक्सऑर शून्यच येणार. इतकंच काय, चौघींचा ऑफसेट सारखाच चुकला असला तरी शून्यच. त्या तपासणीतून एवढंच कळतं की चारही डिस्क एकाच ॲरेच्या आहेत, एकमेकींशी समान सरकलेल्या आहेत आणि कुणीही मागे पडलेली नाही. ते कळणंही मोलाचं, म्हणून मी ती केलीच. रेड ६ मधली दुसरी पॅरिटी डिस्कच्या जागेवर अवलंबून असते, तिथे मात्र चुकीचा क्रम उघडा पडतो.

खऱ्या डिस्कवर

तोवर संस्थेने मोठ्या बाह्य डिस्कची सोय केली होती. ओव्हरलेवरच्या फक्त-वाचन माउंटमधून सगळा डेटा आधी तिकडे उतरवला. ॲरे प्रत्यक्षात दुरुस्त करायला हात घातला तो त्यानंतरच.

खऱ्या डिस्कवर क्रम महत्त्वाचा. लेखनबंदी काढली, आणि आधी एसडीबी, एसडीसी, एसडीई यांच्यावरच्या जीपीटीच्या सह्या वाइपएफएसने पुसल्या: संरक्षक एमबीआर, पुढचं हेडर आणि मागचं हेडर, तिन्ही. वाइपएफएसचा 'बॅकअप' पर्याय पुसलेले बाइट फाइलीत ठेवतो, तो लावला. एसडीडीवर वाइपएफएस चालवलं नाही, कारण तिथे सही होती ती रेडचीच. हे पुसणं क्रिएटच्या आधी व्हायला हवं. एसजीडिस्कच्या 'झॅप'ने जीपीटी काढायची म्हटलं तर तो सेक्टर १ ते ३३ शून्य करतो. क्रिएटनंतर तसं केलं तर नुकताच लिहिलेला सुपरब्लॉक आपल्याच हाताने जातो. आणि पुसलंच नाही तर पुढच्या बूटला फर्मवेअर पुन्हा तेच करणार.

मग ओव्हरलेवर सिद्ध झालेला तोच आदेश खऱ्या डिस्कच्या नावाने. ॲरे आला, एफएसचेक 'एन' स्वच्छ, माउंट झालं.

नेहमीच्या प्रणालीत बूट केल्यावर ॲरे एमडी० ऐवजी एमडी१२७ म्हणून आला. रेस्क्यूमधून क्रिएट केल्याचा हा अपेक्षित परिणाम. एमडीएडीएम सुपरब्लॉकमध्ये ॲरेच्या नावाबरोबर मशीनचं नावही लिहितं, आणि आता तिथे रेस्क्यू प्रणालीचं नाव होतं. कॉन्फमधल्या ओळीत यूयूआयडी आणि नाव दोन्ही असेल तर दोन्ही जुळावं लागतं, नाहीतर ॲरे परका समजून १२७ पासून खाली आकडा दिला जातो. ॲरे थांबवून 'अपडेट होमहोस्ट' देत असेंबल केलं, आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी प्रणाली) पुन्हा बांधलं, कारण बूटच्या वेळी वाचली जाते ती त्याच्या आतली कॉन्फची प्रत. डेबियनच्या कुळात त्यासाठी अपडेट-इनिटरॅमएफएस, रेड हॅटच्या कुळात ड्रॅकट.

रात्रीच्या आरसिंकलाही वळण लावलं. माउंटपॉइंट या आदेशाने जागा खरोखर माउंट आहे का ते आधी तपासायचं, नसेल तर काम थांबवून मेल पाठवायचा. शिवाय माउंट नसतानाच्या त्या रिकाम्या डिरेक्टरीला सीएचॲटरने 'आय' गुणधर्म लावला. ॲरे आला नाही तर तिथे कुणालाच लिहिता येणार नाही.

पार्टिशनांकडे

पुसलेल्या सह्यांमुळे धोका टळला होता. पण अख्खी डिस्क थेट ॲरेला देण्याची रचना मला ठेवायची नव्हती. पार्टिशन टेबल नसलेली डिस्क इतर सॉफ्टवेअरला कोरी वाटते. एखादा इन्स्टॉलर किंवा दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम ती 'सुरू करण्यासाठी' तयार करू का असं विचारते, आणि घाईतला एक होकार पुरतो. रेडसाठीचं पार्टिशन असेल तर जीपीटी स्वतःच सांगते की इथे काय आहे, आणि फर्मवेअरने तिची दुरुस्ती केली तरी ती योग्यच असते.

एकेक डिस्क काढून, पार्टिशन करून परत घालता आली असती का? त्याच ऑफसेटने नाही. ॲरेला प्रत्येक डिस्कवर ऑफसेट धरून ७८१४०३६४८० सेक्टर लागत होते. सेक्टर २०४८ ला सुरू होऊन मागच्या जीपीटीआधी संपणारं पार्टिशन जास्तीत जास्त ७८१४०३५०८७ चं होतं. १३९३ सेक्टर कमी. डेटा बाहेर सुरक्षित होताच, त्यामुळे आकाराशी झटापट करण्यापेक्षा ॲरे नव्याने बांधायचं ठरलं. चारही डिस्कवर नवी जीपीटी, एका मेबिबाइटवर सुरू होणारं रेड प्रकारचं एकच पार्टिशन, आणि शेवटी काही मेगाबाइट मुद्दाम मोकळे, म्हणजे उद्या बदली डिस्क दुसऱ्या बनावटीची आणि किंचित लहान निघाली तरी बसेल. बांधणी पूर्ण झाल्यावर मशीन पूर्ण वीज काढून पुन्हा लावलं, त्याच यूईएफआय बोर्डवर, आणि चारही पार्टिशनांचे सुपरब्लॉक एक्झॅमिनने वाचले. ते उत्तर, सिरियल नंबरांसह, आता बॅकअपच्या मशीनवर ठेवलेलं आहे आणि ॲरेत बदल झाला की ताई ते नव्याने काढतात.